देहांत नांदणारें यीस्ट

तान्ह्या मुलाच्या जिभेवर पांढरा थर दिसला कीं घरांतील वडीलधारी बाई प्रथम म्हणते, "दूध साचलें असेल." ओल्या फडक्यानें ती तो पुसून पाहते. दूध असेल तर थर सहज निघून जातो. पण कधीं कधीं तो निघत नाहीं. नेटानें पुसला तर खालचा लाल, हुळहुळा भाग उघडा पडतो आणि मूल दूध ओढतांना रडूं लागतें. हा थर दुधाचा नव्हे. ती एका सूक्ष्म सजीवाची वस्ती आहे, आणि हा सजीव पुष्कळदां मातेच्याच देहांतून, जन्माच्या वेळीं, बाळाकडे आलेला असतो.

हा सजीव म्हणजे यीस्ट. शास्त्रीय परिभाषेंत किण्व. पावाचें पीठ फुगविणारें आणि ताडीला फेस आणणारें यीस्ट सर्वांच्या परिचयाचें आहे. देहांत नांदणारें यीस्ट बुरशीच्या त्याच विस्तृत कुळांतलें, पण निराळ्या जातीचें. त्याचें नांव कॅन्डिडा अल्बिकन्स. याच्या सुमारें दोनशें पेशी एका रांगेंत मांडाव्या तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरतो. पेशीला कोंब फुटतो, कोंब वाढून वेगळा होतो, आणि एकीच्या दोन पेशी होतात. निरोगी माणसांपैकीं पुष्कळांच्या तोंडांत व आंतड्यांत, तसेंच स्त्रियांच्या योनिमार्गांत हें यीस्ट वर्षानुवर्षें असतें, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. कातडीवर मॅलॅसेझिया नांवाचें दुसरें यीस्ट राहतें व त्वचेंतील तेलावर जगतें. डोक्यांतील कोंडा आणि छातीपाठीवर उठणारें शिबें यांच्याशीं त्याचा संबंध आहे.

जें इतकीं वर्षें निमूटपणें राहिलें, तेंच एके दिवशीं रोग कां उत्पन्न करतें? या प्रश्नाचें उत्तर मिळावयास फार काळ लागला. अशक्त रोग्यांच्या तोंडांत येणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांची नोंद प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या परंपरेंतील ग्रंथांत आढळते. १८३९ मध्यें लांगेनबेक या जर्मन शस्त्रवैद्याला ज्वरग्रस्त रोग्याच्या देहांत ही बुरशी दिसली आणि तीच ज्वराचें कारण असावी, असा त्याचा समज झाला. वस्तुस्थिति उलट होती: ज्वरानें देह खचला होता म्हणून बुरशी माजली होती. १८४१ मध्यें स्टॉकहोम येथील फ्रेड्रिक बर्ग या वैद्यानें बालकांच्या तोंडांतील पांढरा थर हा बुरशीचाच असल्याचें दाखवून दिलें. पुढें १९२३ मध्यें क्रिस्टीन बर्कहाउट या डच विदुषीनें या जातीला कॅन्डिडा हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ शुभ्र. अल्बिकन्स या शब्दांतही पांढरेपणाच आहे.

लांगेनबेकच्या चुकींतच खरी गोष्ट दडलेली होती. या यीस्टला आवरून धरणाऱ्या शक्ति दोन. पहिली, शेजारीं राहणारे जीवाणु. ते यीस्टला लागणारें अन्न व जागा अडवून ठेवतात. कांहीं तर आम्ल निर्माण करून त्याची वाढ रोखतात. दुसरी शक्ति रक्तांतील पांढऱ्या पेशींची. सीमा ओलांडणाऱ्या यीस्टला त्या गिळून टाकतात. हीं दोन्ही बंधनें ढिलीं पडलीं कीं यीस्ट आपलें रूप पालटतें. वाटोळ्या पेशींतून लांब तंतु फुटतात आणि ते त्वचेच्या नाजूक अस्तरांत शिरतात. या तंतूंतून पेशींना इजा करणारें एक विषही स्रवतें. त्याचा शोध २०१६ सालीं प्रसिद्ध झाला.

यावरून हा रोग कोणाला गांठतो हें सहज कळतें. मधुमेह काबूंत नसलेला माणूस. रात्रीं कवळी न काढतां झोंपणारे आजोबा. दम्यासाठीं स्टिरॉइडचा फवारा ओढून चूळ न भरणारा रोगी. कर्करोगाच्या औषधांनीं किंवा एड्सनें ज्याची प्रतिकारशक्ति क्षीण झाली आहे असा मनुष्य. योनिमार्गाचा दाह तर इतका सामान्य आहे कीं चार स्त्रियांपैकीं सुमारें तिघींना आयुष्यांत एकदां तरी तो होतो. त्यांत लाज बाळगण्याजोगें कांहीं नाहीं. संकोचापायीं दुखणें लपविलें जातें, हेंच अधिक वाईट. सर्वांत गंभीर प्रसंग रुग्णालयांतला. शिरेंत नळी घातलेल्या अत्यवस्थ रोग्याच्या रक्तांत यीस्ट शिरलें तर तें डोळे, मूत्रपिंड, हृदय येथपर्यंत पोहोंचतें, आणि उपचार करूनही पुष्कळ रोगी दगावतात.

या यादींत आणखी एक कारण आहे आणि तें मनुष्यानें स्वतःच निर्माण केलें आहे. १९४० नंतर पेनिसिलिन आणि त्यामागोमाग दुसरीं प्रतिजैविकें प्रचारांत आलीं. त्यांनीं असंख्य प्राण वांचविले. परंतु हीं औषधें जीवाणूंना मारतात, यीस्टला नाहीं. शत्रूबरोबर निरुपद्रवी शेजारीही मेले, जागा मोकळी झाली आणि यीस्टचें फावलें. त्यावर गुणकारी व सुरक्षित औषध त्या वेळीं हाताशीं नव्हतें.

तें शोधलें अमेरिकेंतील दोन विदुषींनीं. एलिझाबेथ हेझन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ न्यूयॉर्क शहरांत काम करीत, रेचेल ब्राउन या रसायनशास्त्रज्ञ ऑल्बनी येथें. दोघीही न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यांत होत्या. हेझनबाई ठिकठिकाणच्या मातींतील सूक्ष्मजीव वाढवून ते कॅन्डिडाला मारतात का हें पाहत, आणि यश दिसलें कीं बरणी टपालानें ऑल्बनीस पाठवीत. ब्राउनबाई त्यांतील गुणकारी द्रव्य वेगळें काढून टपालानेंच परत धाडीत. बहुतेक द्रव्यें प्राण्यांनाही विषारी ठरत. अखेर व्हर्जिनियांतील एका स्नेह्याच्या शेतावरील मातींत हवा तो सूक्ष्मजीव सांपडला. १९५० मध्यें औषध जाहीर झालें आणि न्यूयॉर्क राज्याच्या नांवावरून त्याला निस्टॅटिन म्हणूं लागले. एक कोटी तीस लक्ष डॉलरांहून अधिक रकमेचें स्वामित्वधन त्यांतून मिळालें. त्यांतील पैहि न घेतां दोघींनीं तें सारें शास्त्रीय संशोधनास दिलें. १९६६ च्या पुरांत फ्लॉरेन्समधील भिजलेल्या कलाकृतींवरची बुरशी हटविण्यासही हेंच औषध उपयोगी पडलें.

निस्टॅटिन आंतड्यांतून रक्तांत शोषलें जात नाहीं. म्हणून तें तोंड, आंतडीं व त्वचा यांपुरतें उपयोगी. रक्तांतल्या रोगासाठीं निराळीं औषधें निघालीं, पण त्यांचे मोजकेच वर्ग आहेत. याला कारण आहे. जीवाणूची पेशी मानवी पेशीहून फार वेगळी असते. यीस्टची पेशी मात्र घडणीनें मानवी पेशीची जवळची नातलग. एकीला मारून दुसरीला राखणें कठीण. अशा वेळीं २००९ मध्यें जपानांत एका रुग्णाच्या कानांतून कॅन्डिडा ऑरिस ही नवी जाति वेगळी करण्यांत आली. २०१३ मध्यें दिल्लींतील रोग्यांत ती आढळल्याचें प्रसिद्ध झालें, आणि २०२१ मध्यें अंदमानच्या किनाऱ्यावरही ती सांपडल्याचें भारतीय शास्त्रज्ञांनीं दाखविलें. ती रुग्णालयांतील खाटा व उपकरणें यांवर दीर्घकाळ टिकते, एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि फ्लुकोनॅझोल या नेहमींच्या औषधाला बहुधा दाद देत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ मध्यें घातक बुरशींची यादी केली, तींत अतितातडीच्या वर्गांत कॅन्डिडा ऑरिस व कॅन्डिडा अल्बिकन्स या दोघींनाही बसविलें.

देहांतील यीस्टचा समूळ उच्छेद करावा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तो शक्य नाहीं आणि इष्टही नाहीं. यीस्ट माजलेलें दिसलें कीं त्याला आवरणारें काय ढिलें पडलें, हें पाहणें हें शहाणपणाचें. वारंवार तोंड येणाऱ्या प्रौढानें रक्तांतील साखर तपासून घ्यावी. रात्रीं कवळी काढून स्वच्छ करावी. दम्याचा फवारा घेतल्यावर चूळ भरावी. सर्दीपडशासाठीं दुकानांतून प्रतिजैविक आणूं नये. तें सर्दीच्या विषाणूला मारीत नाहीं, घरचे शेजारी मात्र मारतें. आणि तान्ह्या मुलाच्या जिभेवरील थर पुसूनही निघाला नाहीं, तर बोटानें घांसत बसूं नये. डॉक्टरांस दाखवावें, त्याच वेळीं मातेच्या स्तनाग्रांचीही तपासणी करून घ्यावी, कारण एकट्या मुलावर उपचार केल्यास दोघांमध्यें देवाणघेवाण चालूच राहते. अंगावरचें दूध मात्र बंद करण्याचें कारण नाहीं.