भाकरीआधी चाचणी



परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या व्यवसायाच्या सगळ्याच प्रश्नांचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकच प्रश्न घेणार आहे. पोटासाठी सरकारी मदत घेणाऱ्या माणसाची अमली पदार्थांची चाचणी करावी का? माझे उत्तर ‘करू नये’ असे आहे. ते मी भावनेच्या भरात देत नाही. अमेरिकेने हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला आहे आणि त्याचे आकडे उपलब्ध आहेत.

१९९६ साली अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने तिथला मदतीचा कायदा बदलला. गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या रोख मदतीवर मुदत आली, कामाची सक्ती आली आणि मदत घेणाऱ्यांची चाचणी करण्याची मुभा राज्यांना मिळाली. १९९९ मध्ये मिशिगनने ती सरसकट वापरून पाहिली, पण कोर्टाने ती थांबवली. पुढे २०११ मध्ये फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी कायदा आणला. मदतीसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक प्रौढाने आधी लघवीचा नमुना द्यायचा, प्रयोगशाळेचे पैसे स्वतः भरायचे आणि नमुना निर्दोष निघाला तर ते परत घ्यायचे. तिघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त ३०३ डॉलर मिळत. चाचणीला पंचवीस ते पंचेचाळीस डॉलर लागत. ज्याच्या घरात काहीच नाही, म्हणून जो अर्ज करायला आला आहे, त्यानेच ते आधी उभे करायचे.

कायदा जेमतेम चार महिने चालला. चाचणी झाली ४,०८६ जणांची. दोषी निघाले १०८, म्हणजे शंभरात तीनसुद्धा नाहीत, आणि त्यांतले बहुतेक गांजा ओढणारे. उरलेल्या जवळपास चार हजार लोकांना सरकारने चाचणीचे पैसे परत केले. ती रक्कम एक लाख अठरा हजार डॉलरच्या वर गेली. दोषींची मदत रोखून जे वाचले, त्याहून ती जास्त होती. करदात्याचा पैसा वाचवण्यासाठी आणलेल्या कायद्याने करदात्याचाच पैसा खर्च केला.

समर्थक म्हणाले की खरे व्यसनी चाचणीला आलेच नाहीत, हाच कायद्याचा विजय. पण न येण्याची कारणे अनेक असतात. खिशात पैसे नसतात, प्रयोगशाळा लांब असते, लेकराला ठेवायला कोणी नसते. ही सगळी माणसे व्यसनी होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची होती. कोर्टात ते सिद्ध झाले नाही.

चाचणी कशी चालते तेही आपण समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळदा आपल्यातलेच लोक तिला क्ष-किरणासारखी अचूक मानतात. गांजाचे अंश नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे सापडतात. हेरॉइन आणि कोकेन दोन-चार दिवसांत निघून जाते. म्हणजे ज्या पदार्थांनी घर उद्ध्वस्त होते तेच जाळ्यातून सुटतात. नेहमीच्या चाचणीत दारू नसतेच. शिवाय चाचणी एवढेच सांगते की अमुक पदार्थ शरीरात गेला होता. माणूस व्यसनी आहे की नाही, मुलांचा सांभाळ करतो की नाही, काम करू शकतो की नाही, यातले काहीही ती सांगू शकत नाही.

फ्लोरिडातल्या एका अर्जदाराने नमुना द्यायला नकार दिला. तो पूर्वी नौदलात होता, आता शिकत होता, लहान मुलाला एकटा वाढवत होता आणि अपंग आईची काळजी घेत होता. तो कोर्टात गेला. लघवी तपासणे ही अमेरिकी घटनेनुसार झडती आहे, आणि झडतीला त्या माणसाविषयी काही तरी संशय लागतो. गरिबी हा संशय होऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायाधीश मेरी स्क्रिव्हेन यांनी कायद्याला स्थगिती दिली, २०१३ च्या अखेरीस तो रद्द केला, आणि वर्षभराने अपिलातही तोच निकाल राहिला.

आता याच्या शेजारी दुसरा निकाल ठेवून पाहा. जॉर्जिया राज्याने निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवारांना चाचणी सक्तीची केली होती. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आठ विरुद्ध एक अशा मतांनी घटनाबाह्य ठरवली. जे कायदे करणार आणि तिजोरीच्या किल्ल्या हाती घेणार, त्यांची चाचणी नको, हे तेव्हाच ठरले होते. तरीही चौदा वर्षांनी फ्लोरिडाने ती तीनशे डॉलर मागणाऱ्या आईवर लादली. विस्कॉन्सिनच्या लोकप्रतिनिधी ग्वेन मूर यांनी २०१६ मध्ये मांडले की दीड लाख डॉलरहून अधिक करवजावट घेणाऱ्या श्रीमंतांचीही मग चाचणी करा, कारण करसवलत हीसुद्धा सरकारी मदतच आहे. ते विधेयक पुढे गेले नाही. हा भेद मला अत्यंत अन्यायाचा वाटतो.

नोकरदाराची चाचणी होते, मग फुकट घेणाऱ्याची का नको, हा युक्तिवाद प्रामाणिक माणसेही करतात. रेल्वे चालवणाऱ्याची चाचणी होते, कारण त्याच्या हातात शेकडो जीव असतात. मदतीच्या रांगेतल्या बाईच्या हातात फक्त तिच्या मुलांचे ताट असते, आणि शिक्षा त्या ताटालाच होते.

फ्लोरिडाच्या कायद्यातली एक तरतूद मला सर्वांत जास्त खुपते. नापास झालेल्याची मदत वर्षभर बंद. उपचार पूर्ण केले तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल. पण त्या उपचारांची सोय करण्याची किंवा खर्च देण्याची जबाबदारी राज्यावर नाही, असे कायद्यात स्पष्ट लिहिले होते. सुधारणेच्या हेतूने केलेल्या कायद्यात हे वाक्य येत नाही.

व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, तेव्हा गर्दच्या विळख्यात सापडलेली पोरे आपल्या शहरांत रस्त्यावर होती. त्यांना माणूस मानून दारात घेतले, म्हणून ती उपचारांना आली. लघवीची चाचणी उपचारातही होते. पण तिथे पेशंट पुन्हा घसरला हे कळते ते त्याला सावरण्यासाठी, आणि ती गोष्ट डॉक्टर, समुपदेशक व पेशंट यांच्यातच राहते. तोच कागद मदतीच्या खिडकीवर गेला की तो शिक्षेचा हुकूम होतो. मग माणूस खरे बोलणे सोडतो, आणि खरे बोलल्याशिवाय व्यसन सुटत नाही. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे. आपला मार्ग तो आहे.

आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेत किंवा लाडकी बहीण योजनेत चाचणीची अट नाही. पण ‘सरकारचे पैसे गुत्त्यावर जातात’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ते म्हणणाऱ्याला विचारा, तपासणार कोणाला? खाते बाईचे आहे, पिणारा बहुधा नवरा आहे. नमुना तिचा घेणार आणि तो तसाच फिरत राहणार. विधवा, अपंग, निराधार माणसे आजच उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला असे कागद घेऊन तहसील कचेरीत खेटे घालतात. त्यांच्यावर आणखी एक अपमानास्पद फेरी लादण्याचा विचारही आपल्या व्यवसायाने मान्य करू नये.

म्हणून या परिषदेपुढे माझी विनंती आहे. उद्याच्या खुल्या अधिवेशनात दोन ठराव मंजूर करा. महाराष्ट्रात कोणतीही रोख मदत व्यसनाच्या चाचणीशी जोडू नये, हा पहिला. आणि प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात व्यसनावर मोफत उपचार व प्रशिक्षित समुपदेशक मिळावा, हा दुसरा. दोन्ही ठराव एकत्रच सरकारकडे पाठवा.