आपली गावे व आपली जुनी घरे
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या जिल्ह्याच्या वसाहतीविषयी मी बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी केवळ मॅट्रिक झालेला निवृत्त शाळामास्तर, संशोधक नव्हे.

भंडाऱ्यातून वेगळा निघून 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा झाला. 2011 च्या शिरगणतीत लोकसंख्या 13,22,507 भरली. त्यांपैकी शेकडा सुमारे 83 माणसे खेड्यांत राहत होती. उंचवट्यावर गावठाण, शेजारी तलाव आणि तलावाखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, अशी आपल्या कितीतरी खेड्यांची ठेवण आहे. पाणी अडविता आले तेथे गाव वसले. नवेगावचा प्रचंड बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे सांगतात. आपले पोवार पूर्वज माळव्यातून नगरधनमार्गे वैनगंगेच्या खोऱ्यात उतरले, अशी परंपरा आहे. मात्र त्यांच्याही आधी येथे गोंड नांदत होते, ही गोष्ट आपण स्मरणिकेत सहसा लिहीत नाही.

घरे मातीची. भिंती हात-सव्वा हात रुंद, वर कवेलू, पुढे सपरी, मागे बाडी. मृगापूर्वी कवेलू फेरले नाहीत, तर पावसाळाभर घरात भांडी मांडून बसावे लागे! मालगुजाराच्या वाड्याला सागवानी खांब आणि धानाच्या मोठ्या कोठ्या. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. वाडे मात्र भावाभावांत वाटले जाऊन भिंतींनी चिरले गेले. ज्या मजुरांच्या घामावर ते उभे होते, त्यांच्या गवताच्या झोपड्यांची खूणही उरली नाही. तेव्हा जुने घर म्हणजे वाडा, हा समज सोडावा.

आमचे वडिलोपार्जित घर आम्ही तिघा भावांनीच पाडून स्लॅबचे बांधले. पहिल्याच वैशाखात आईने आपली खाट उचलून गुरांच्या कोठ्यात नेली. मातीच्या भिंती तेवढ्याच शिल्लक होत्या. ती काही बोलली नाही.

गळक्या घरात राहणाऱ्या भगिनीला घरकुल मंजूर झाले असता, जुने राखा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझी विनंती एवढीच, की पाडण्यापूर्वी घराची मापे घ्यावी, नकाशा काढावा, कोणत्या खोलीत कोण राहत असे ते लिहावे आणि तो कागद मंडळाकडे पाठवावा. आमच्या घराचा नकाशा मी आता आठवणीने काढीत आहे. जाते कोठे होते, यावर आम्हा तिघांचे अद्याप एकमत झालेले नाही.