स्क्रूजकाकांनी सकाळी उठून आधी काय केलं?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त नाताळच्या सुट्टीत मुलांना ‘मिकीज ख्रिसमस कॅरोल’ हा कार्टूनपट दाखविण्यात आला. त्यानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर.)



सिनेमा साधारण पंचवीस मिनिटांचा आणि आपली सोसायटीही पंचवीस वर्षांची. त्यामुळे मीही थोडक्यातच बोलतो.

मूळ गोष्ट चार्ल्स डिकन्सची. ती लंडनला डिसेंबर १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. सांगलीकरांना हे साल वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. म्हणजे आपलं नाटक आणि हा स्क्रूज, दोघं एकाच वर्षीचे!

डिकन्सने गरिबी स्वतः भोगली होती. वडील कर्जापायी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांचं हे पोर बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला होतं. म्हणून त्याच्या गोष्टीत नुसती भुतं नाहीत, पगारही आहे. पुढे १९४७ साली कार्ल बार्क्स यांनी डोनाल्ड डकचा श्रीमंत काका रंगवला आणि त्याला नाव दिलं स्क्रूज. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘डक टेल्स’ बघितलेल्या आईबाबांना तो ठाऊक आहेच. १९८३ मध्ये डिस्नेने याच बदकाला डिकन्सच्या स्क्रूजचं काम दिलं, आणि मिकी झाला त्याचा कारकून.

मुलांनो, इंग्रजी संवाद सगळे कळले नसतील, पण कडाक्याच्या थंडीत मिकीला कोळशाचा एक तुकडासुद्धा मिळत नाही, हे कळलं ना? साखळ्या ओढत आलेला गूफी बघून तुम्ही हसलात. पण स्वतःचं थडगं बघून स्क्रूजकाका थरथरले, तेव्हा हॉल एकदम शांत झाला होता.

आता मोठ्यांसाठी. सकाळी जागे झाल्यावर स्क्रूजकाका नुसते रडून, माफी मागून थांबले नाहीत. गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्यांना त्यांनी पैसे दिले, खेळणी घेऊन ते मिकीच्या घरी गेले, त्याचा पगार वाढवला आणि त्याला धंद्यात भागीदार केलं. मन बदललं, ते असं हिशोबाच्या वहीत दिसलं.

माझं माहेर साताऱ्याचं. तिथे १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्यांना सांगायला रात्री कुठलं भूत यावं लागलं नाही!

तेवढा मोठा त्याग आपल्याकडे कोणी मागत नाही. पण कंजूष एकटा माणूसच असतो असं नाही, पन्नास भली माणसं मिळूनही कंजूष होऊ शकतात. घरी आपण वॉचमनमामांना चहा देतो, दिवाळीला फराळ देतो. मात्र सर्वसाधारण सभेत त्यांच्या पगाराचा विषय निघाला की ‘मेंटेनन्स वाढेल हो’ म्हणून तो पुढच्या वर्षावर जातो. रंगरंगोटीचा खर्च मात्र त्याच सभेत मंजूर होतो. जिना झाडणाऱ्या मावशींना आठवड्याची हक्काची सुट्टी अजून नाही.

म्हणून माझी सूचना अशी की रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून येत्या सभेत तीन ठराव व्हावेत. दोघांना पगारवाढ, मावशींना आठवड्याला एक भरपगारी सुट्टी आणि दोघांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी कायमचा छोटा निधी. घरटी किती रुपये पडतील, ते खजिनदारांनी आकडा मांडून सांगावं. आकडा बघितला की भीती निम्मी होते.

मुलांनो, सभेच्या दुसऱ्या दिवशी आईबाबांना एवढंच विचारा, ‘मिकीचा पगार वाढला का?’