ट्रॉली कोणाची?



आज पुस्तक मिटून ठेवा. आज आपण ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीविषयी बोलू. परवा वर्गात एका गड्याने विचारलं, "गुरुजी, ट्रॅक्टरला किल्ली असती. ट्रॉलीला काय असतं?" प्रश्न नेमका आहे. त्यावरच आम्ही चार गोष्टी सांगतो.

पूर्वी बैल चोरीला जात नव्हते असं नाही. पण गावाला बैल ओळखू येत. ट्रॉलीचं तसं नाही. तिला इंजिन नाही, किल्ली नाही. चोर आपला ट्रॅक्टर लावतो, पिन टाकतो आणि चालू लागतो. आपला पैठणचा रस्ता तर रात्रभर वाहता. कोणी पाहिलं तरी वाटतं, चालला असेल ऊस आणायला.

काही वर्षांमागे आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याची ट्रॉली खळ्यावरून गेली. पुढे कळलं, दुसऱ्या तालुक्यात पोलिसांनी चोरीच्या ट्रॉल्या धरल्या आहेत. तो आम्हाला म्हणाला, "गुरुजी, सोबत चला." आम्ही गेलो. त्याने आपली ट्रॉली लांबूनच ओळखली. साहेबांनी विचारलं, "खूण काय?" हा म्हणाला, "निळी आहे." तिथे निळ्या ट्रॉल्या चार होत्या. "नंबर काय?" नंबर नव्हताच. ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतलेली, नोंदणी केलेली नाही. खिशात एक पावती होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'ट्रॉली एक नग.' तेवढ्यात आणखी एक माणूस आला आणि त्याच ट्रॉलीवर हात ठेवून म्हणाला, "ही माझी." तोही खोटं बोलत होता असं आम्हाला वाटलं नाही. त्याचीही निळीच गेली होती.

ट्रॉली तिथेच राहिली. शेजाऱ्याने त्या वर्षी भाड्याच्या ट्रॉलीने ऊस घातला.

आता ज्याच्याजवळ कागद असतो, त्याचं काय होतं ते ऐका. पोलिसांनी धरलेली वस्तू न्यायालयाच्या हुकमाने मालकाला मिळते. मालक लिहून देतो की बोलावाल तेव्हा वस्तू हजर करीन. याला सुपुर्दनामा म्हणतात. पण आधी मालक कोण हे दिसलं पाहिजे. ते रंगावरून दिसत नाही. रंग तासाभरात बदलतो. मागच्या फळीवर 'आईची कृपा' लिहिलेलं असतं, तेही पुसता येतं.

पुसायला अवघड असतो तो लोखंडात ठोकलेला नंबर. त्याला चेसिस नंबर म्हणतात. कारखान्यात बनलेल्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर तो असतो. नोंदणीच्या पुस्तकात, म्हणजे आर. सी. बुकात, तोच नंबर लिहिलेला असतो. दोन्ही नंबर जुळले की ट्रॉली तुमची.

पण ते जुळतात का, हे तुम्ही कधी पाहिलं? आजवर तुम्ही ते बुक दुसऱ्याच्या हातात देत होता आणि तो मान हलवी. आता तुम्हाला वाचता येतं. ट्रॉलीखाली वाका, चिखल पुसा, नंबरावर पातळ कागद धरा आणि वरून पेन्सिल आडवी घासा. आकडे कागदावर उतरतात. आर. टी. ओ. कचेरीतही असाच ठसा घेतात. मग एकेक आकडा बुकाशी ताडून पाहा. एक जरी चुकला असेल तर कचेरीत जाऊन दुरुस्त करून घ्या. मात्र लोखंडावरचा आकडा स्वतः खोडू नका, त्यावर ठोकू नका. तो गुन्हा होतो. आपली वेगळी खूण हवी असेल तर दुसऱ्या, सहज न दिसणाऱ्या जागी वेल्डिंगने करून ठेवा.

आता राखण. बिनखर्चाचा उपाय पहिला. ट्रॉली उभी करताना पुढचा दांडा भिंतीकडे करा. ट्रॅक्टर जोडायला जागाच राहत नाही. पिन काढून घरात ठेवली म्हणजे झालं, असं समजू नका. पिन दुकानात मिळते. जाड साखळी चाकातून आणि आसातून घेऊन झाडाला किंवा पुरलेल्या खांबाला बांधा. कुलूप स्वस्तातलं नको. हंगाम संपला की ट्रॉली दगडी ठोकळ्यांवर टेकवून एक चाक घरात आणा. कारभारीण कुरकुर करील, करू द्या.

कागदाचं थोडं किचकट आहे. शेतीची ट्रॉली आणि धंद्याची ट्रॉली यांची नोंद वेगळी होते. शेतीच्या नोंदीची मुदत १५ वर्षे. पुढे तपासणी होऊन ५ वर्षांची मिळते. बिडकीनची औद्योगिक वसाहत ७,८५५ एकरांची. २०२४ च्या सप्टेंबरात तिचं लोकार्पण झालं. अशा ठिकाणी मुरूम, खडी, विटा यांच्या खेपा मिळतात आणि ट्रॉलीवाल्याला मोह होतो. पण भाड्याने माल वाहायचा तर ट्रॉली धंद्याची म्हणून नोंदवावी लागते आणि तिला योग्यता प्रमाणपत्र लागतं. नव्या गाडीची ८ वर्षे होईपर्यंत ते दर २ वर्षांनी घ्यावं लागतं, पुढे दर वर्षी. तपासणीला जाण्यापूर्वी टायर, हूक, मागचे दिवे आणि लाल चमकपट्टी पाहून घ्या. अंधारात उभी असलेली ट्रॉली न दिसून किती माणसं गेली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

विम्याचा कागदही वाचा. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचा निघाला असं नाही. त्यात ट्रॉलीचा नंबर आहे का, आणि चोरी धरली आहे का, ते पाहा. नुसत्या 'थर्ड पार्टी' विम्यात चोरीचे पैसे मिळत नाहीत.

एवढं करूनही चोरी झाली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. चार दिवस पाहुण्यारावळ्यांत शोधत बसू नका. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने 'ही आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. लिहिलेली फिर्याद तुम्हाला वाचून दाखवावी लागते. तुम्ही म्हणा, "द्या, मीच वाचतो." नंबर बरोबर असेल तरच सही करा आणि नक्कल मागून घ्या. ती फुकट मिळते.

विमा कंपनीलाही लगेच लेखी कळवा. २०१० साली एकाचा ट्रॅक्टर चोरीला गेला. फिर्याद त्याने त्याच दिवशी दिली, पण कंपनीला कळवायला ५२ दिवस लावले. कंपनी पैसे देईना. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या जानेवारीत सांगितलं की फिर्याद वेळेवर आहे, तेव्हा एवढ्या उशिरावरून नाकारता येणार नाही. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण मध्ये नऊ वर्षे गेली. तपास लागलाच नाही तर पोलीस न्यायालयात 'अ' समरी अहवाल पाठवतात. त्याचीही नक्कल घ्या. कंपनी ती मागते.

उद्या वर्गाला येताना ज्याच्या घरी ट्रॉली आहे त्याने बुक आणि नंबराचा ठसा घेऊन यावा. पातळ कागद आणि पेन्सिली आम्ही टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना एकेक घेऊन जा.