रीत कुणाची?

समाजागणिक नीती बदलते, मग सगळ्या जगाला एकच कर्तव्य कसं लावणार? मानवी हक्कांच्या नियोजित जाहीरनाम्याबद्दल अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९४७ मध्ये हीच शंका काढली. शंका वजनदार होती. वसाहतवाद्यांनी स्वतःचे रिवाज नीती म्हणून लादलेच होते. तरी १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांत त्या जाहीरनाम्यावर मतदान झालं, तेव्हा विरोधी मत एकही पडलं नाही, आठ देश तटस्थ राहिले. धर्म बदलण्याच्या हक्कावर सौदी अरेबिया अडला. पाकिस्तानच्या जफरुल्ला खान यांनी मात्र कुराणाच्याच आधारे त्या हक्काची बाजू मांडली. एकाच परंपरेत दोन मतं! मग ‘आमची रीतच अशी’ हे कोण कुणाच्या वतीनं बोलतं? दक्षिण आफ्रिकाही तटस्थ होती, आणि तिथल्या काळ्या जनतेपैकी बहुतेकांना तेव्हा मताधिकारच नव्हता.