वॉटर पंपाची गळती आणि ते बारीक भोक

तंजावरहून बोलतोय. इथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्याच मराठीत आज मला इंजिनाच्या वॉटर पंपाबद्दल बोलायचंय.

मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची ठरलेली तारीख १२ जून. मग कुरुवै भाताची चिखलणी सुरू होते आणि ट्रॅक्टरला उसंत उरत नाही. अशा वेळी कुणीतरी सांगतो, "सर, रोज लिटरभर पाणी घालतो, चालतंय." असं चालवलेलं इंजिन भर हंगामात दगा देतं.

फौजेत गाडी हलण्याआधी फर्स्ट परेड होते. तेल, पाणी, पट्टा, टायर. तुम्हीही इंजिन बंद आणि थंड असताना पंपाच्या पुलीमागे टॉर्च मारा. खालच्या अंगाला एक बारीक भोक दिसेल. त्याला वीप होल म्हणतात. पंपात एकीकडे कूलंट, दुसरीकडे बेअरिंग आणि मध्ये सील. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याआधी या भोकातून बाहेर येतं. ते भोक म्हणजे पहारेकरी. एम-सील लावून ते बुजवलं, तर कूलंट बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढणार आणि पंप अडकून पट्टा तुटणार.

गळती वरून खाली शोधा, कारण थेंब उगमापासून दूर पडतो. होजच्या तोंडाशी ओल असेल तर आधी क्लिप बघा. पंपाच्या जोडावर असेल तर गॅस्केट. भोकापाशी हिरवी, गुलाबी किंवा पांढरी खपली असेल, किंवा पुली हाताने डुगडुगत असेल, तर पंप बदला.

रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. दाबामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की एकदम उसळतं आणि तोंड भाजतं. कूलंट टबात काढा, कालव्यात सोडू नका. त्यातलं ग्लायकॉल गोड असतं आणि विषारीही. कुत्री ते चाटतात.

जुनं गॅस्केट ओरखडे न पाडता खरवडा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. पट्टा फार ताणलात तर नवं बेअरिंगही जाईल. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार धरतात, म्हणून कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच घाला. हवा काढा, इंजिन चालवा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

आणखी एक. पाणी फार कमी झालं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीच राहू शकतो. काट्यावर विसंबू नका. तापलेल्या इंजिनात कालव्याचं गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. पंप दिवसभरात बदलून होतो. हेड गेलं तर हंगाम जातो, आणि लावणी आपल्यासाठी थांबत नाही.

जय हिंद.