वसाहतींचे स्वातंत्र्य आणि कायद्याची कसोटी

(प्रजासत्ताक दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

एखाद्या वसाहतीने आपल्या राज्यकर्त्यांपासून स्वतंत्र झाल्याची घोषणा केली, तर ती घोषणा कायदेशीर ठरते काय? वरवर पाहता हा प्रश्न केवळ कायदेपंडितांच्या चर्चेचा वाटतो. परंतु शासनाचा आदेश, न्यायालयाचा निवाडा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव अखेर कोणाच्या अधिकारावर उभा असतो, याचे उत्तर याच प्रश्नात दडलेले आहे.

या संदर्भात पहिले ठळक उदाहरण उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींचे. वसाहतींवर सर्व बाबतींत बंधनकारक कायदे करण्याचा अधिकार आपणास आहे, असे ब्रिटिश पार्लमेंटने १७६६ मध्ये कायदा करून सांगितले होते. ऑगस्ट १७७५ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याने या वसाहती बंड करून उठल्याचे फर्मान काढले. या चौकटीत पाहिले तर ४ जुलै १७७६ रोजी संमत झालेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा हा उघड राजद्रोह होता. त्यावर सह्या करणाऱ्यांनाही याची पूर्ण जाणीव होती. म्हणूनच त्यांनी ब्रिटिश कायद्याकडे न्याय मागितला नाही. शासनाला न्याय्य अधिकार मिळतो तो शासितांच्या संमतीतून, ही त्यांची भूमिका होती; आणि राजाने ती संमती कशी गमावली हे दाखविण्यासाठी त्यांनी गाऱ्हाण्यांची सविस्तर यादी जगापुढे ठेवली. त्या संमतीत गुलामांना आणि मूळ रहिवाशांना मात्र स्थान नव्हते, ही त्या जाहीरनाम्यातील मोठी उणीव होय.

पुढे १७७८ मध्ये फ्रान्सने या नव्या राष्ट्राशी करार केला आणि ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने ब्रिटननेही त्याचे स्वातंत्र्य मान्य केले. तरीही मतभेद उरलाच. अमेरिकन न्यायालयांनी आपले स्वातंत्र्य १७७६ पासून धरले, तर ब्रिटिश न्यायालयांनी ते १७८३ च्या तहापासून मानले. एकाच राष्ट्राच्या अशा दोन जन्मतिथी झाल्या. एका पक्षाच्या मते स्वातंत्र्य लोकांनी घेतले. दुसऱ्याच्या मते ते राजाने दिले.

त्या काळी या वादाचा निकाल रणांगणावरच लागत असे. यशस्वी झाला तो राष्ट्रनिर्माता, अपयशी ठरला तो राजद्रोही. ही स्थिती पालटण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५ च्या सनदेत लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाचा उल्लेख आला. त्यानंतर १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतींतील देशांना व लोकांना स्वातंत्र्य देण्याविषयीचा ठराव क्रमांक १५१४ संमत केला. ठरावाच्या बाजूने ८९ मते पडली, विरोधात एकही नाही. ९ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत ब्रिटन, फ्रान्स आणि पोर्तुगाल होते. आमसभेचा ठराव हा स्वतः कायदा नव्हे, हे खरे. परंतु स्वयंनिर्णयाचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग म्हणून दृढ होण्यात या ठरावाचा वाटा निर्णायक होता, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये चागोस बेटांविषयीच्या सल्लादायी मतात नमूद केले आहे.

मग प्रत्येक घोषणा आपोआप वैध ठरते काय? दक्षिण ऱ्होडेशियाचे उदाहरण याचे उत्तर देते. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयान स्मिथ यांच्या सरकारने ब्रिटनपासून स्वतंत्र झाल्याची एकतर्फी घोषणा केली. घोषणेची भाषा १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्याच्या धर्तीवर होती. मात्र सर्व माणसे समान आहेत हे विधान आणि शासितांच्या संमतीचा उल्लेख तेवढा गाळलेला होता. तो गाळणे भागच होते, कारण हे सरकार लोकसंख्येच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढ्या गोऱ्या वसाहतवाल्यांचे होते. बहुसंख्य आफ्रिकी जनतेला त्यात आवाज नव्हता. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा समितीने या राजवटीस कोणीही मान्यता देऊ नये असे आवाहन केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही १९६८ मध्ये ही राजवट कायदेशीर नसल्याचा निर्णय दिला. बहुसंख्यांच्या मताने निवडलेल्या सरकारच्या हाती सत्ता येऊन १८ एप्रिल १९८० रोजी झिम्बाब्वे स्वतंत्र झाला, तेव्हाच हा प्रश्न मिटला.

याच्या अगदी उलट उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊचे. हा प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात होता. आपल्याकडे वसाहती नाहीतच, आहेत ते केवळ सागरापारचे प्रांत, असा पोर्तुगालचा दावा असे. गोव्याबाबतही त्याने हाच दावा केला होता. परंतु आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये पोर्तुगालच्या अस्वयंशासित प्रदेशांची जी यादी केली, तीत गोवा आणि गिनी या दोहोंचा समावेश करून तो फेटाळला. गिनीतील मुक्त भागांत अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने १९७२ मध्ये निवडणुका घेतल्या. काब्राल यांची जानेवारी १९७३ मध्ये हत्या झाली, तरी त्यांचे कार्य थांबले नाही. निवडून आलेल्या राष्ट्रीय सभेने २४ सप्टेंबर १९७३ रोजी मादिना दो बोए येथे स्वातंत्र्याची घोषणा केली. पोर्तुगीज सैन्य तेव्हाही देशात होते. तथापि आमसभेने २ नोव्हेंबर १९७३ रोजी ९३ विरुद्ध ७ मतांनी या स्वातंत्र्याचे स्वागत केले. खुद्द पोर्तुगालने मान्यता दिली ती सप्टेंबर १९७४ मध्ये, लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर.

दोन्ही घोषणा राज्यकर्त्यांच्या परवानगीवाचून झाल्या. तरीही एक अवैध ठरली आणि दुसरी स्वीकारली गेली. यावरून निष्कर्ष स्पष्ट होतो. घोषणेची खरी कसोटी राज्यकर्त्याची संमती ही नव्हे. घोषणा करणाऱ्यांच्या पाठीशी त्या भूमीतील समस्त जनता आहे की नाही, ही होय.

भारताच्या इतिहासालाही हीच कसोटी लागू पडते. लाहोर काँग्रेसच्या पूर्ण स्वराज्याच्या ठरावानुसार २६ जानेवारी १९३० रोजी गावोगावी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेण्यात आली. सत्तेच्या कायद्यात तिला कोणतेही स्थान नव्हते. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून मंडाले येथे धाडणारा कायदा तेव्हाही जारी होता. पुढे सत्तांतर झाले ते मात्र ब्रिटिश पार्लमेंटच्या १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमाने. तेव्हा भारताचे स्वातंत्र्य लोकांनी घेतले की पार्लमेंटने दिले, असा अमेरिकेसारखाच प्रश्न उपस्थित होऊ शकला असता.

त्याचे उत्तर संविधान सभेने देऊन ठेवले आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारताना गव्हर्नर जनरलची संमती घेण्यात आली नाही. संविधानाचा आरंभ ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांनी होतो, आणि त्याच्या ३९५ व्या अनुच्छेदाने तो १९४७ चा अधिनियमच रद्द करण्यात आला. ज्या कायद्याने सत्ता हाती आली, त्याच्यावर नव्या प्रजासत्ताकाचा अधिकार टेकलेला ठेवायचा नाही, हाच त्याचा अर्थ. हे संविधान अमलात येण्यासाठी दिवस निवडला गेला तोही २६ जानेवारी, म्हणजे प्रतिज्ञेचा.

लोकांच्या संमतीतून जन्मलेला अधिकार लोकांच्या संमतीनेच टिकतो. ग्रामसभेत मांडला जाणारा हिशेब, कार्यालयात आलेल्या अर्जाला मिळणारे उत्तर आणि शाळेत शिकविला जाणारा नागरिकशास्त्राचा धडा या सर्वांमधून ती संमती दररोज नव्याने मिळवावी लागते. कायदा शासनाला अधिकार देतो खरा. परंतु त्या कायद्याला अधिकार देणारे लोकच असतात. प्रजासत्ताक दिनी स्मरण ठेवायचे ते याचेच.